भरल्या बोटीचा पंखा

"बोट भरलेली असेल तरच पाण्यातल्या पंख्याची पारख होते," बोटीच्या मागे आउटबोर्ड इंजीन बसवणाऱ्या इक्बालने बजावलं होतं. म्हणून चिंतामण तांडेलाने खाडीपलीकडे बाजाराला जाणाऱ्या गावकऱ्यांना आपल्या बोटीत फुकट बसवून एकेका पंख्याच्या चाचण्या घेतल्या.

मोठ्या पंख्याने इंजीन कण्हू लागलं. मधल्यानेही बोट जडच चालली. "घाई नको. अजून एखादा बघ," गावकरी आपुलकीने म्हणाले. आठवडाभर सगळ्यांचा बाजार झाला, तेव्हा कुठे लहान पंख्याने भरली बोट झपाट्याने निघाली.

दुसऱ्या दिवसापासून तिकीट लागलं. धक्क्यावर एका आजीने विचारलं, "आज चाचणी नाय?"

नकार ऐकताच रांग एसटीच्या थांब्याकडे वळली.

चिंतामण एकटाच निघाला, तर इंजीन नुसतं किंचाळायला लागलं. इक्बालने धक्क्यावरूनच सांगितलं, "रिकाम्या बोटीला हा चालायचा नाही. पहिला मोठाच लाव."