वरातीची घोडी

खाप्याच्या झिबलरावांनी शेतात जायला कामठीहून वरातीची जुनी घोडी आणली. घोडी चार पावलं चालायची आणि थांबायची. टाच मारून झाली, गूळ दाखवून झाला, पण घोडी ढिम्म. शेवटी त्यांनी विकणाऱ्याला फोन लावला.

"समोर कोणी नाचल्याशिवाय ती पुढं नाही जात, भाऊ. तिले सवयच तशी हाय."

"म्या आजवर वीस घोडे सरळ केले. हिलेही करतो."

महिनाभरात घोडी काही बदलली नाही. आता रोज सकाळी सिंधूबाई डबा घेऊन घोडीवर बसतात आणि झिबलराव शेतापर्यंत पुढे नाचत जातात.

सिंधूबाईंनी नवऱ्याला एकदाच विचारलं, "काहून जी, आपल्या सुशीलच्या वरातीत तं तुमची कंबर दुखून राहिली होती?"