नऊ पॉइंट सहा

टेबलावर एक शाईचं पॅड होतं, एक गोल शिक्का, अर्धा कप चहा आणि सहा पत्रं. मंजुश्रीनं पुन्हा मोजलं. सहाच. सातवं नव्हतं.

सगळ्यात वरचं पत्र वर्गातल्या सोहमचं होतं. उलट्या बाजूनंही तिला वाचता आलं. 'अत्यंत अचूक प्रयोग करणारा विद्यार्थी.' खालच्या पाचांतही हेच वाक्य असणार. शिफारसपत्राचा मजकूर कॉलेजच्या कम्प्युटरवर तयारच असायचा, फक्त नाव बदलायचं.

"सर, माझं?"

भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख भालचंद्र सर चहाचा घोट घेऊन म्हणाले, "तुला कशाला लागतं पत्र? तुमच्या तर सीटा राखीवच असतात."

मंजुश्रीची कानशिलं तापली. तीन वर्षं ती अमडापूरहून चिखलीला एसटीनं येत होती. लेखी परीक्षेत ती वर्गात पहिली होती. पुण्याच्या संशोधन संस्थेच्या अर्जाची मुदत आज संध्याकाळी संपत होती, आणि विभागप्रमुखांच्या पत्राशिवाय तो अर्ज पुढे सरकतच नव्हता.

"पत्र सगळ्यांकडूनच मागितलंय, सर."

"मग लिहू काय? तुझं प्रॅक्टिकल कच्चं आहे." सरांनी तिची प्रयोगवही पुढे ओढली. "हे बघ. दरवर्षी चूक."

दरवर्षी लंबकाचा एक प्रयोग असायचा. लंबक हलवायचा, लांबी मोजायची, झोक्यांना लागलेला वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाची किंमत काढायची. पुस्तकात ती ९.८ आहे. वर्गात सगळ्यांची ९.८ यायची. कारण सगळे उत्तरापासून उलटे मागे जायचे आणि रीडिंगं शेवटी भरायचे. मंजुश्री दिसेल तेच लिहायची. तिचं ९.६ यायचं. सर त्याभोवती लाल गोल करायचे आणि मार्क कापायचे. आपला हातच वाईट आहे, असं आताशा तिलाही वाटायला लागलं होतं.

"जुळवायला काय झालं होतं तुला?" सर म्हणाले. "हात कच्चा असला की माणसानं निदान जुळवून घ्यावं. सोहमचं बघ, कधी इकडचं तिकडं नाही."

"सोहमनं लंबकाले हात तरी लावला का कधी?" रागात तिच्या तोंडून घरची बोली निघाली.

"तोंड सांभाळ! मी कोणाला खोटं लिहून देत नसतो."

मंजुश्रीनं त्या सहा पत्रांकडे पाहिलं. मग सरांकडे.

"मंग खरं लिहा. माही तिन्ही वर्षांची उत्तरं लिहा, जशीच्या तशी. सही करा आन् शिक्का मारा."

सरांनी कोरा कागद घेतला आणि पेन दाबून दाबून लिहिलं. शिक्का इतक्या जोरात मारला की कपातला चहा हिंदकळला.

"घे! आता तुले कोण घेते, ते पाह्यतो मी बी."

व्हरांड्यात येऊन तिनं कागद उघडला. 'पहिले वर्ष, साधा लंबक: ९.५९. दुसरे वर्ष, पट्टीचा लंबक: ९.६०. तिसरे वर्ष, केटरचा लंबक: ९.५९. तिन्ही उत्तरे चूक.'

कागद फाडावा म्हणून तिनं दोन्ही हातांत धरला. आणि थांबली. तिचे आकडे तिनं असे एकाखाली एक कधी पाहिले नव्हते. हात कच्चा असता तर उत्तर कधी कमी आलं असतं, कधी जास्त. लंबक तीन, वर्षं तीन, उत्तर मात्र एकच. वेळ तिनं दरवेळी मोबाइलवर मोजला होता, तो चुकणं शक्य नव्हतं. उरली लांबी.

ती प्रयोगशाळेकडे जवळजवळ पळतच गेली. लाकडी मोजपट्ट्यांना वाळवी लागल्यापासून तिथं एकच कापडी टेप होती. दाराजवळच्या खिळ्याला ती टांगलेली होती आणि तिच्या खालच्या टोकाला अर्ध्या किलोचं वजन बांधलेलं होतं.

"जानराव काका, हे वजन काऊन बांधलं?"

प्रयोगशाळेचा शिपाई जानराव कुलूप शोधत होता. "तिची गुंडाळी होते ना माय. सरांनीच सांगतलं होतं. दहाक वर्षं झाले." तिला गाठ सोडताना पाहून तो दचकला. "अवं, कुठं चालली घेऊन? सरांच्या घरच्या पडद्याचं माप घ्या लागते मले!"

"पडदे बी तोकडेच येतीन, काका."

दहा वर्षं वजन लटकलेली टेप. ताणलेल्या टेपवरच्या खुणा लांब लांब जातात, त्यामुळे लांबी कमी भरते, म्हणून उत्तरही कमी येतं. दरवेळी तेवढंच कमी. आणि कोणीही खरं मोजलं तरी ९.६च.

व्हरांड्यात एक वेल्डर खिडकीला जाळी बसवत होता. तिनं त्याच्याकडे स्टीलची टेप मागितली.

"घे, पण लवकर दे. ठेकेदार माह्याच नावानं बोंबलते मंग."

तिनं दोन्ही टेपा फरशीवर शेजारी शेजारी अंथरल्या. शून्याला शून्य लावलं. दुसऱ्या टोकाशी गुडघे टेकून वाचलं. पुन्हा लावून वाचलं. तिसऱ्यांदा जानरावला शून्य दाबून धरायला सांगितलं.

मग तिथंच फरशीवर बसून तिनं मोबाइलवर अर्ज उघडला. सरांच्या पत्राचा फोटो काढून जोडला. खाली एक चौकट होती: 'वरील शिफारशीबाबत उमेदवाराला काही सांगायचे असल्यास.' तिनं लिहिलं:

'विभागात सर्व विद्यार्थ्यांसाठी एकच टेप आहे. तिच्यावरील खूण: १५०.० सें.मी. प्रत्यक्ष लांबी: १५३.० सें.मी.'