मनाई

"कट," दिग्दर्शक म्हणाले, तरी वृंदा गुडघ्यांवरून उठली नाही. जुन्या ग्रीक शोकांतिकेवरच्या मराठी सिनेमाचं शूटिंग रत्नागिरीजवळच्या उघड्या कातळाच्या सड्यावर चाललं होतं. राजाने मनाई केलेली असताना बहीण भावाच्या प्रेतावर मूठभर माती टाकते, असा प्रसंग होता. प्रेत झालेला नट उभा राहून कपडे झटकू लागला.

"रडली नाहीस ते फार चांगलं केलंस," दिग्दर्शक म्हणाले.

तिला रडू येतच नव्हतं. सकाळी वडिलांचा, अण्णांचा फोन आला होता. तिचा भाऊ हेमंत कोल्हापूरजवळ ट्रकखाली गेला होता आणि दवाखान्यात त्याचं प्रेत ताब्यात घ्यायला कोणी नव्हतं. जमिनीच्या भांडणात त्याने अण्णांवर हात उचलला, तेव्हापासून घरात त्याचं नावही निघत नसे. "आपल्यातलं कोणी जाणार नाही," एवढं सांगून अण्णांनी फोन ठेवला होता. सेटवर ती कुणाला काही बोलली नव्हती.

मेकअप न उतरवताच ती गाडीत बसली आणि तिने अण्णांना फोन लावला.

"मी निघालेय त्याच्याकडे. अग्नीही मीच देणार."

"मग इकडे परत यायचं नाही."

"बरं," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

अण्णांनी फोन ठेवला नाही. गाडी हमरस्त्याला लागली, तरी त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"वृंदे," शेवटी ते म्हणाले, "तोंड ओळखू येतं का गं त्याचं?"

"बघून सांगते, अण्णा."