वेशीतली देवडी

"खरं तेच सांग," अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले. "कमान यंदाचा पावसाळा काढेल का?"

गुणाजी गवंडी नगरपालिकेच्या सभागृहात दाराला लागून उभा होता. चपला त्यानं बाहेरच काढून ठेवल्या होत्या. ओव्हरसियर श्रीपाद करंदीकरांनी सकाळी निरोप धाडला होता की, वेशीची कमान तू ठोकून पाहिली आहेस, तर सभेत येऊन दोन शब्द सांगायचे. विषय नेमका काय, ते त्याला इथं आल्यावर कळलं. ठाण्याच्या कचेरीतून सरकारी अनुदानाची मंजुरी आली होती आणि ते एकाच कामाला पुरणार होतं. गावाची जुनी वेस दुरुस्त करायची, नाहीतर खाडीच्या अंगाला मजुरांसाठी वीस खोल्या बांधायच्या.

खोल्यांच्या यादीत गुणाजीचं नाव अकरावं होतं.

मंदाकिनीबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. सभेत त्या एकट्याच बाई सभासद. त्यांनी मान वर केली.

"अध्यक्षमहाराज, हे राहतात कुठे तेही विचारा."

"कुठे राहतोस रे?"

"वेशीतच, साहेब. डाव्या देवडीत."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. जुन्या काळी पहारेकरी बसायचे त्या कोनाड्यात गुणाजी आणि हौसाबाईनं सहा वर्षं काढली होती. पुढं गोणपाटाचा पडदा, आत चूल आणि पाय दुमडून झोपण्यापुरती जागा. दोन पोरं तिथंच झाली. एक तिथंच गेलं.

"म्हणजे कमान पडली तर पहिल्यांदा याच्याच डोक्यावर," एक सभासद म्हणाले. "मग दुरुस्तीच आधी हवी."

"किंवा खोली आधी हवी," मंदाकिनीबाई म्हणाल्या. मग त्या गुणाजीकडे वळल्या. "हे बघा, घाई नाही. कमान अजून दोनेक वर्षं धरेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं सांगा. तिचं पुढच्या वर्षी बघता येईल."

बाई आपल्याला वाट करून देताहेत, हे गुणाजीला समजलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं, की खोली. त्याच्या कानात हातोड्याचा आवाज होता. कमानीच्या दोन्ही खांद्यांचे दगड खणखणीत वाजले होते. मधला बद्द वाजला होता, फुटक्या मडक्यासारखा. त्या दगडाखालून पेंढ्यानं भरलेल्या गाड्या जात होत्या. याच बाईंच्या शाळेतल्या पोरी जात होत्या.

"न्हाई धरणार," तो म्हणाला. "मधला दगूड दोन बोटं खाली आलाय. ह्या पावसात बसणार ती."

दुसऱ्या कुणाच्या घराबद्दल सांगावं तसं त्यानं सांगितलं.

हात वर झाले. वेशीच्या बाजूनं बरेच होते. मंदाकिनीबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. खोल्यांचा विषय पुढील वर्षी घ्यावा, असं ठरलं.

बाहेर व्हरांड्यात करंदीकर त्याच्या मागोमाग आले. "काम तुलाच देतोय," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "डावी देवडी मात्र चिणून घ्यावी लागेल. कमानीला खालून भक्कम आधार हवा."

"व्हय. त्याबिगर उभी न्हाई राहायची."

"आणि तुझं रे?"

"बघू," गुणाजी म्हणाला. चपला घालताना त्याला अंगठाच सापडेना.

हौसाबाई वेशीबाहेर राखेनं तवा घाशीत होती. लेक शालू तिच्या पाठीला चिकटून बसली होती.

"खोलीचं काय झालं?"

"फुडल्या वर्षी."

"तुमाला काय इचारलं?"

"कमान पडंल का म्हणून."

"मग?"

"पडंल म्हनलो."

हौसाबाईनं वर पाहिलं. कमानीतला तडा तिलाही ठाऊक होता. पावसाळ्यात त्यातूनच पाणी चुलीवर यायचं. "पडंलच की," ती म्हणाली. तवा पालथा घालून ती उठली आणि गोणपाटाची दोरी सोडू लागली.

बिऱ्हाड खाडीकडेला चार पत्र्यांखाली गेलं. गुणाजीनं चैत्रात काम धरलं. आधी कमानीखाली लाकडी टेकू देऊन खाली आलेला मधला दगड जागेवर घेतला. मग देवडीतली चूल फोडली, काळवंडलेली भिंत खरवडली आणि घाणीत दळलेला चुना कालवून एकेक थर चढवत गेला. चौथ्या दिवशी दगडांची रांग छातीपर्यंत आली. आठव्या दिवशी देवडी राहिली नाही. त्याला वाटलं होतं, शेवटचा दगड बसवताना हात थांबेल. थांबला नाही. दगड नीट बसला, त्यानं ओळंबा लावून पाहिला आणि थापी धुतली.

करंदीकर येऊन काम पाहून गेले. गडी दुसऱ्या कामावर गेले. भिंतीला पाणी मारायला माणूस ठेवायचा होता, त्याची मंजुरी काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गुणाजीनं घागर उचलली.

"आता कुठं?" हौसाबाईनं विचारलं. "काम सरलं न्हवं?"

"चुना वला ठेवाय पायजे. न्हाईतर तडकतो."

"किती दिस?"

"एकवीस."

तिसऱ्या दिवशी तिनं शालूला कडेवर घेतलं, दुसरी घागर डोक्यावर ठेवली आणि त्याच्या मागं निघाली. वेशीतून बाजाराची माणसं जात येत होती. गुणाजीनं वरून पाणी सोडलं. नवी भिंत पाणी पीत खालपर्यंत काळी होत गेली. हौसाबाईनं वाकून पायथ्याशी तळहात टेकवला.

"हितं कोरडं ऱ्हायलंय," ती म्हणाली, आणि रिकामी घागर घेऊन विहिरीकडे वळली.