डब्यातली काचपट्टी

मलेरियानं देशात किती मेले, हे मोजणारा साहेब धानोऱ्याच्या जंगलात जंगूच्या अंगणात बसला होता. "रक्त तपासल्याचा कागद नाही, मग मलेरिया कसा लिहू? अज्ञात ताप लिहितो." जंगू भडकला, "माही पोरगी थंडीनं थडथड उडत होती, साहेब. कागद नाई म्हून हौसेनं मेली का?" शेजारी आशासेविका बुधरी उभी होती. पोरीचं रक्त तिनंच काचपट्टीवर घेतलं होतं. पण नाल्याला पूर आला, पट्टी तालुक्याला पोचलीच नाही आणि चौथ्या दिवशी पोर गेली. ठपका आपल्यावर येईल म्हणून, दवाखान्यानं हरवली असं सांगून बुधरीनं काच डब्यात दडवली होती. ती घरी धावली. काच आणून तिनं साहेबासमोर ठेवली. "तपासा. मले कामावरून काढाचं तं काढा." जंगूनं काचेवरचा वाळलेला थेंब न्याहाळला. "आता मोजा," तो म्हणाला. बुधरीकडं त्यानं पाहिलं नाही.