रडवा त्याला

“रडवा त्याला,” काचेमागून एक्स-रेवाला म्हणाला.

आईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिच्या अंगावर शिशाचा जड एप्रन होता आणि सात महिन्यांच्या बाळाचे दोन्ही हात तिनं त्याच्या डोक्यावर धरून ठेवले होते. पाय बाळाच्या बाबांनी धरले होते.

“रडवू?”

“हो, चांगलं भोकाड पसरू दे. मोठ्या माणसाला सांगता येतं, श्वास घ्या, धरून ठेवा. याला कोण सांगणार? रडताना पोरं छाती भरून हवा घेतात, तेवढ्यात मी बटण दाबतो. कालचा फोटो नुसता धुरकट आला.”

मशीन नवं कोरं होतं. छातीतला मोहरीएवढा डागही दाखवतं, म्हणून त्याचं कोण कौतुक चाललं होतं. पण छातीत हवाच भरली नाही, तर ते तरी बिचारं काय दाखवणार? आणि आत नेमकं काय आहे ते दिसल्याशिवाय डॉक्टरांचं पुढचं औषध अडून राहिलं होतं.

बाबा ओरडले. बाळावर कधी आवाज चढवलेला नव्हता, त्यामुळे ते ओरडणंही धड जमलं नाही. एरवी पोरांना गप्प करण्यात एक्स-रेवाल्याचा हातखंडा. आज त्यानं बाहेर येऊन पत्र्याचा ट्रे जमिनीवर आपटला. बाळ नुसतं बघत राहिलं. श्वास चालू होता, उथळ आणि भराभर.

“चिमटा काढा, ताई,” काचेमागे परत जाताना तो म्हणाला. “नाइलाज आहे.”

आईनं डोळे मिटून बाळाच्या दंडाला चिमटा काढला. लाल वळ उठला. बाळाचा ओठ वाकडा झाला. एक्स-रेवाल्याचं बोट बटणावर गेलं. तिघंही श्वास रोखून उभी राहिली.

ओठ पुन्हा सरळ झाला.

“रड ना रे राजा! एकदाच रड!” म्हणता म्हणता आईलाच हुंदका फुटला. पोटच्या पोराला दुखवलं, आणि तेही फुकट गेलं.

बाहेर बाकावर बसलेल्या आजीला राहवलं नाही. दार ढकलून ती सुनेवर डाफरली, “अगं, रडवतेस काय त्याला? परवापासून किती शहाण्यासारखा वागतोय माझा बाळ! हूं की चूं नाही!”