निरोगी नमुना

अठरा नंबरच्या नळीत मलेरियाचा परजीवी तिसऱ्यांदा सापडला आणि संशोधकाने तंत्रज्ञबाईंना तिसऱ्यांदा झापलं. ती नळी निरोगी माणसाच्या रक्ताची होती. रोग्यांची रक्तं जिच्याशी ताडून पाहायची तीच नासली, तर वर्षभराच्या कामावर पाणी.

आधीच त्याचं डोकं ठणकत होतं. चार दिवस अंगात ताप मुरला होता. सकाळी बायको म्हणाली होती, "अहो, रक्त तरी तपासून घ्या." मलेरियात केस पांढरे केलेल्या माणसाला हे सांगायचं, म्हणजे माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवणं. "एसी बाधलाय," असं म्हणून तो स्वेटर चढवून आला होता.

"परजीवीच्या दोन वाणांच्या खुणा दिसतायत, म्हणजे दोन रोग्यांची रक्तं यात मिसळली असणार," तो म्हणाला. "निकाल रद्द करा."

बाईंनी परजीवीच्या जनुकांचा आलेख त्याच्यापुढे सरकवला. "सर, मिसळली असती तर जागोजागी दोन्ही वाणांच्या खुणा दिसल्या असत्या. इथे प्रत्येक जागी एकच आहे. कुठे या वाणाची, कुठे त्या वाणाची. डासाच्या पोटात दोघांचं लग्न लागलंय आणि हे त्यांचं पोर आहे. एका औषधाला बाप दाद देत नव्हता, दुसऱ्याला आई. हे दोन्हींना दाद देत नाही."

हा धडा त्यानेच त्यांना शिकवला होता. बहुधा फारच चांगला शिकवला होता. त्याने पुन्हा पुन्हा आलेख पाहिला. असं पोर आजवर कोणाच्या हाती लागलं नव्हतं. तो डोकेदुखी विसरला.

"रक्त कोणाचं आहे? आत्ताच्या आत्ता शोधा त्याला. नेहमीच्या गोळ्यांनी तो वाचायचा नाही. आणि विचारा त्या गाढवाला, अजून दवाखान्यात का गेला नाही म्हणून."

बाईंनी नोंदवही काढली, पान शोधलं आणि वही त्याच्याकडे फिरवली. दहा दिवसांपूर्वी ठरलेला रक्तदाता आला नव्हता. तेव्हा काम अडायला नको म्हणून कोणीतरी घाईघाईत स्वतःचीच बाही वर केली होती. सही संशोधकाचीच होती.

तासाभरात तो रुग्णालयाच्या खाटेवर होता. बाईंचा आलेख पाहून डॉक्टरीणबाईंनी तिसरंच औषध सुरू केलं. मग त्यांनी कागद पुढे ओढला.

"ताप किती दिवस?"

"चार."

"आणि एवढ्या दिवसांत एकदाही रक्त तपासलं नाहीत?"

पायथ्याशी उभ्या असलेल्या तंत्रज्ञबाई छताकडे पाहू लागल्या.

"तपासलं ना," तो म्हणाला. "तीनदा. मला पटलं नाही."